काळीपांढरी संत्री

शेखर गावंडेने सासऱ्यांना काळंपांढरं करायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. उलट सोळा वर्षांच्या संसारात सासुरवाडीबद्दल इतका चांगला विचार त्याने पहिल्यांदाच केला होता. (आणि शेवटचाच. पण ते पुढे येईलच.)

शेखर अकोल्याला एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. माणूस साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला दुखणं एकच. त्याचे सासरे सूर्यभानजी खेरडे हे शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार. मुली दोन, म्हणून जावईही दोन. धाकटा ललित अमरावतीचा. त्याला सासरे 'ललितराव' म्हणत. थोरला शेखर, त्याला 'अकोलेवाले'. 'अकोलेवाले आले काय?' 'अकोलेवाल्यायले भाजी वाढा.' पहिली पाच वर्षं शेखरला वाटलं की हा वऱ्हाडी मान असेल. पुढची पाच वर्षं संशय आला की म्हाताऱ्याला आपलं नावच माहीत नसावं. त्यानंतर मात्र त्याने मनाशी पक्कं केलं, की एकदा, फक्त एकदा, त्या तोंडून 'शेखरराव' ऐकायचं.

त्यात अमरावतीला लघुपटांची स्पर्धा जाहीर झाली. पाच मिनिटांचा पिक्चर, विषय कोणताही. शेखरने लगेच विषय निवडला: सासरे. पिक्चरचं नाव 'बागवान'. आणि तो साधासुधा नाही काढायचा, व्हिंटेज लूकमध्ये काढायचा. म्हणजे जुन्या काळच्या सिनेमासारखा, काळापांढरा, कडा धुरकट, मधून मधून रेघा, थरथरतं चित्र. नवीन मोबाइलवर सगळं कसं लख्ख आणि बेचव दिसतं, हे त्याला इंटरनेटवरच्या बेचाळीस व्हिडिओंनी पटवून दिलं होतं.

व्हिडिओतल्या माणसांकडे महागडी भिंगं होती. शेखरकडे व्हॅसलिन होतं. ते त्याने मोबाइलच्या काचेवर कडेकडेने फासलं आणि वर रागिणीच्या, म्हणजे बायकोच्या, ओढणीचा जाळीदार तुकडा ताणून रबर लावलं. (ओढणी नवी होती हे त्याला नंतर कळलं. व्हॅसलिन काचेवरून निघत नाही हेही नंतरच कळलं. पुढे आठ दिवस रागिणीच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर तो धुक्यातून आल्यासारखा दिसत होता.)

शूटिंगच्या दिवशी सूर्यभानजींनी कमाल केली. कडक टोपी घालून, हातात एक संत्रं घेऊन ते बगीच्यातून सत्तावीस वेळा चालले. दरवेळी थांबून ते संत्रं उन्हात धरत आणि विचारत, रंग बराबर येऊन राह्यला ना. यंदाच्या बहाराला असा रंग धरला होता, की नागपूरचे व्यापारी झाडाखाली उभे राहून बघत होते म्हणे. शेखर दरवेळी मान हलवत होता. पिक्चर काळापांढरा आहे हे सांगायचा धीर काही त्याला झाला नाही. नंतर सांगू, असं त्याने ठरवलं.

मग तो शनिवार आला. ऑफिसला सुट्टी. पिक्चर दुसऱ्या दिवशी, रविवारी, अमरावतीला दाखवायचा होता. सकाळी नऊला शेखरने तीस सेकंदांचा एक नमुना 'खेरडे परिवार' या ग्रुपवर टाकला. सुरुवातीलाच जुन्या फोटोसारखी लांबट गोल चौकट, आत सूर्यभानजींचा काळापांढरा, मऊमऊ, कडेला विरत जाणारा चेहरा, हातात संत्रं. खाली त्याने लिहिलं: 'रविवारी सकाळी अकरा वाजता. सर्वांनी अगत्य यावे.' कुठे यावे, ते गडबडीत राहिलं.

आता सांगा, आपल्याकडे धडधाकट माणसाचा काळापांढरा फोटो कोणी ग्रुपवर टाकतो का? लग्नाचा फोटो रंगीत, बारशाचा रंगीत, निवडून आल्याचा तर दहा रंगांत. काळापांढरा फोटो, तोही गोल चौकटीत, माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, आणि तो बघायला माणूस नसतो. त्यात व्हिडिओ उघडायला चांगली रेंज लागते. शेंदूरजनाघाटसकट सगळ्या वरूड तालुक्यात त्या सकाळी रेंज जेमतेम होती, त्यामुळे लोकांना दिसला तो नुसता फोटो आणि खालची वेळ.

पहिला मेसेज माणिकबाईंचा. या सूर्यभानजींच्या चुलत बहीण. भाऊबंदकीतलं कोणतंही मरण त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. त्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि खाली सहा वेळा हात जोडले. मग काय विचारता. ज्यांना शंका होती त्यांची माणिकबाईंमुळे फिटली, आणि जोडलेल्या हातांची रांग लागली.

शेखरला यातलं काही माहीत नव्हतं. तो स्वयंपाकघरात होता. जुन्या पिक्चरमध्ये मागे एक तडतड आवाज असतो, आणि तो मोहरीच्या फोडणीसारखा असतो, हा शोध त्याला सकाळीच लागला होता. मध्ये फोन वाजू नये म्हणून त्याने सगळी रेंज बंद करून ठेवली होती आणि कढईवर मोबाइल धरून रागिणीकडून तो फोडणी घालून घेत होता. चौथ्या फोडणीला रागिणी म्हणाली की आता वरणात मोहरीच जास्त झाली. तेवढ्यात शेजारच्या सीमावहिनी (इकडे फोन कोणी उचलेना, म्हणून रागिणीच्या बहिणीने त्यांना लावला होता) दारातून रडतच आत आल्या, त्यांनी रागिणीला मिठी मारली आणि धीर धर म्हणाल्या.

रागिणीचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्यावर चौदा मिस्ड कॉल. तिने ग्रुप उघडला आणि ती खाली बसली. वडिलांना फोन लावला तर नुसता वाजत राहिला. आई पार्वताबाई दर दुसऱ्या शनिवारी गुरुकुंज मोझरीला प्रार्थनेला जात आणि तिथे फोन बंद ठेवत. अमरावतीला ललितला लावला, तर तो हुंदके देत म्हणाला की मी निघालो, तुमी बी निघा.

आणि शेखर? शेखरनेही मोबाइल चालू करून ग्रुप बघितला. एकशे बारा मेसेज. शेवटचे वीस त्याने वाचले, सगळे हात जोडलेले. वर जाऊन सुरुवात कुठून झाली ते बघावं, एवढं साधं त्याला सुचलं नाही. त्याला रडूच फुटलं. म्हातारा 'शेखरराव' न म्हणता गेला. डोळे पुसत त्याने स्वतःही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. (इथे शेवटच्या चार शंकेखोरांचीही खात्री पटली. थोरला जावई म्हणतोय म्हणजे काही प्रश्नच नाही.)

सीमावहिनींच्या मालकांनी गाडी काढली. अमरावतीपर्यंत रागिणी वडिलांचा नंबर लावत राहिली. शेखर खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याच्या मनात राहून राहून एक विचार येत होता की आता या पिक्चरला परीक्षक रडतील. त्याची त्यालाच लाज वाटली. पण विचार काही जाईना.

शेंदूरजनाघाटला पोचले तर घरापुढे दीडशे माणूस. घराला कुलूप. ललितने सगळं हातात घेतलं होतं. बांबू आले होते, फुलं आली होती. देह कुठे आहे, हा प्रश्न लोकांना पडला नव्हता असं नाही. गावातली माणसं म्हणत होती अमरावतीच्या दवाखान्यातून गाडी निघाली असेल, आणि अमरावतीची माणसं म्हणत होती गावातच कुठेतरी ठेवलं असेल. शेजारचा एक जण तर सांगत होता, की सकाळी सहालाच दिसले होते, राम राम केला, चांगले होते. ते ऐकून बायका जास्तच रडत होत्या. बगीच्यात जाऊन यावं असं मात्र कोणालाही वाटलं नाही. गेलेल्या माणसाला त्याच्याच शेतात शोधायला कोण जातो?

तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक मोपेड आली. पुढे संत्र्यांची पेटी, वर सूर्यभानजी. फोन त्यांचा नेहमीप्रमाणे बगीच्यातल्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या सदऱ्यात होता. त्यांनी दारापुढची गर्दी बघितली, बांबू बघितले, आणि मोपेड तशीच सोडून दिली. संत्री गल्लीभर गेली. गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण कोणाला काही समजतच नव्हतं. माणिकबाईंचा सूर लागलेला होता तो तोंडातच राहिला. म्हातारा सरळ बांबूंपाशी येऊन खाली बसला आणि "पार्वते" म्हणून त्याने कपाळाला हात लावला.

सूर्यभानजींनी वर बघितलं. समोर शेखर होता.

"अकोलेवाले, कधी गेली ते?"

शेखरचं डोकं पार बंद पडलं होतं. तोंडातून आलं ते असं:

"त्या नाई गेल्या, बाबा. तुमी गेले."

सूर्यभानजी हळूच म्हणाले, "मी गेलो, अन् मलेच कोणी सांगतलं नाई?"

रागिणी धावत जाऊन वडिलांच्या गळ्यात पडली, हसायला लागली, रडायला लागली, आणि मग तिने वडिलांना चिमटा घेतला. दोन म्हाताऱ्या खाली बसल्या. कोणीतरी पाणी आणलं. गोंधळ जरा बसल्यावर सूर्यभानजींनी एकच विचारलं, की हे पहिले कोणं सांगतलं. सगळ्यांनी माणिकबाईंकडे बघितलं. माणिकबाई म्हणाल्या, मी फोटो पाहून लिहिलं. फोटो कोणं टाकला?

ललितने मोबाइल काढला आणि बोट वर सरकवायला लागला. तो बराच वेळ सरकवत होता. शेखरला तेव्हा, आत्ता कुठे, सकाळचे नऊ आठवले. त्याने गर्दीतून मागे सरकायचा प्रयत्न केला, पण मागे बांबू होते.

"अकोल्याहून आला," ललित म्हणाला.

मोबाइल सूर्यभानजींच्या हातात गेला. त्यांनी चष्मा लावला. शेखर भराभर सांगायला लागला, की बाबा तो पिक्चर आहे, त्याला व्हिंटेज लूक म्हणतात, जुना दिसायला पाहिजे म्हणून मुद्दाम केलं.

"मी जुनाच हावो," सूर्यभानजी म्हणाले. "मले अजून जुनं कावून केलं?"

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. चेहऱ्यावरून त्यांची नजर हाताकडे गेली, आणि हातातल्या फळावर थांबली. आपण गेल्याची बातमी ज्या माणसाने सहन केली होती, त्याचा आवाज इथे मात्र कापला.

"अन् हे संत्रं काळं कावून?"



"पन्नास वर्स झाले, संत्र्याले रंग आनून राह्यलो मी. तुमी तीस सेकंदात काहाडून टाकला."

याचं उत्तर बेचाळीस व्हिडिओंत कुठेही दिलेलं नव्हतं.

आलेल्या माणसांना उपाशी कसं धाडणार? कोणी गेलं नव्हतं, म्हणजे चूल पेटवायला हरकत नव्हती. ललितने जितक्या झपाट्याने फुलं मागवली होती तितक्याच झपाट्याने वांगी आणि आलू मागवले, आणि दीडशे पान उठलं. वाढायला शेखर होता. प्रत्येक पानावर त्याला नव्याने सांगावं लागलं की हे कसं झालं. पाचला पार्वताबाई मोझरीहून प्रसाद घेऊन आल्या, तेव्हा त्यांना धक्का बसू नये म्हणून सूर्यभानजी स्वतः गल्लीच्या तोंडाशी हात हलवत उभे होते. बांबू त्यांनी परत करू दिले नाहीत. फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायला यंदा कमीच पडत होते.

रविवारी अमरावतीला पिक्चर लागला, आणि परीक्षकांनी तो बाद केला. नियम असा होता की चित्रपट याच वर्षी काढलेला पाहिजे, आणि हा तर उघड उघड साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा दिसत होता. शेखरने मोबाइल दाखवला, काचेवरचं व्हॅसलिन दाखवलं, ओढणीसुद्धा दाखवली. परीक्षक म्हणाले, जुनी फिल्म छान जपली आहे तुम्ही, पण नियम म्हणजे नियम. इतकं यश त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

पंधरा दिवस सासुरवाडीहून फोन नाही. मग शेखरचा वाढदिवस आला. सकाळी नऊला ग्रुपवर सूर्यभानजींचा मेसेज पडला. लांबट गोल चौकट, आत शेखरचा काळापांढरा, ओळखू येईल न येईल इतका विरलेला फोटो. (ललितची मदत असणार, दुसरं कोण.) खाली लिहिलं होतं: 'आमचे शेखरराव गावंडे. रविवारी सकाळी अकरा वाजता. सर्वांनी अगत्य यावे.'

शेखरने 'शेखरराव' हा शब्द तीनदा वाचला. सोळा वर्षं. त्याने रागिणीला हाक मारून तो शब्द दाखवला. म्हाताऱ्याने बदला घेतला होता हे खरं, पण नाव घेऊन घेतला होता. मग तो मोबाइल मांडीवर ठेवून बसला. आता माणिकबाई लिहितील, मग हात जोडलेले येतील, फोन येतील, आणि आपण मोठ्या मनाने सगळ्यांना सांगू की अहो, मी जिवंत आहे.

दहा वाजले. अकरा वाजले. एकशे बारा लोकांनी मेसेज बघितला होता. एकही हात जोडला गेला नाही. दीड वाजता माणिकबाईंनी लिहिलं:

'हे कोन होय?'

सूर्यभानजींचं उत्तर लगेच आलं.

'अकोलेवाले.'

मग मात्र धडाधड श्रद्धांजल्या यायला लागल्या.