खुर्चीतला रानपुदिना

देओलिंदाच्या घरात पिसवा झाल्या होत्या आणि रविवारी दोना पर्पेतुआ जेवायला येणार होत्या. त्यांच्या मुलानं देओलिंदाच्या लेकीला, इदालीनाला, केव्हाच पसंत केलं होतं; पण पोर्तुगालमधल्या आलेन्तेजूच्या त्या गावात सुनेची निवड मुलगा करत नाही, त्याची आई करते. डोक्यात लेकीचं लग्न आणि पायांना पिसवा, अशी देओलिंदाची गत.

औषध दाराशीच होतं. ओढ्याकाठचा रानपुदिना, जांभळ्या तुऱ्यांचा, दिसायला नाजूक. पण त्याच्या वासापुढे पिसू उभी राहत नाही. देओलिंदानं सगळा काठ बोडका केला. जुड्या गाद्यांखाली गेल्या, फारुस्को कुत्र्याच्या गोणपाटावर गेल्या आणि सगळ्यांत जाड जुडी गेली आरामखुर्चीच्या उशीत. कारण एरवी त्या मानाच्या खुर्चीत फारुस्कोच लोळायचा. दोन दिवसांत घर शांत झालं.

दोना पर्पेतुआ आल्या आणि इदालीनाचं भरतकाम बघायला आतल्या खोलीत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, फार काही करू नका, आसोर्दा पुरे, आपलं पावाचं साधं सूप. मात्र रानपुदिन्याची हं, कोथिंबिरीची मला सोसत नाही.

पाव, लसूण, तेल, अंडी, सगळं होतं. रानपुदिना तेवढा पिसवांच्या नावे लागला होता.

"गोणपाटावरचा घेऊ?" नवऱ्यानं, बाल्ताझारनं विचारलं.

"कुत्र्याखालचा? विहीण आहे ती माझी. म्हणजे, व्हायचीय."

"मग गादीखालचा?"

"त्यावर तुम्ही झोपता."

शेवटी खुर्चीतलाच सोवळा ठरला. धुऊन, लसणीबरोबर कुटून त्यावर उकळतं पाणी पडलं, तसा घरभर ओढा दरवळला.

दोना पर्पेतुआ आरामखुर्चीत बसल्या. एक वाडगं संपवून त्यांनी दुसरं मागितलं. आईच्या हातानंतर असा वास आजच आला, म्हणाल्या. देओलिंदाचा जीव भांड्यात पडतोय तोच पाहुणीचा हात हळूच पोटरीकडे गेला. मग कमरेकडे. उशीतला राखणदार उठून वाडग्यात गेला होता, आणि उशीच्या शिवणीत दडलेल्या पिसवा बिऱ्हाडी परतल्या होत्या. बाल्ताझार छताकडे बघत बसला. इदालीनाचे डोळे भरले.

दोना पर्पेतुआंनी चमचा ठेवला. "देओलिंदाबाई, जरा आत येता?"

आत त्यांनी दार लोटून घेतलं. कानशिलं लाल झाली होती.

"कुणाला बोलू नका. मांजर व्यायल्यापासून आमच्याकडे पिसवा झाल्यात. कपडे झटकून निघाले होते, तरी आल्याच बघा माझ्याबरोबर, तुमच्या या स्वच्छ घरात. आता या सोयरिकीला तुम्ही नाही तर म्हणणार नाही ना?"

देओलिंदानं दार नीट लागलंय ना, ते पाहिलं.

"मुलीकडे बघून," ती म्हणाली, "एवढं पोटात घालते, विहीणबाई."