किक मारून पायी

नांदूरघाट ते कपिलधार ही आमच्या गावाची पायी यात्रा यंदापासून मोटारसायकलवरून निघेल, असा ठराव यात्रा समितीने एकमताने मंजूर केला. एकमतास माझे एक मत कमी पडत होते. परंतु ठराव वाचला जात असताना मी पाणी पीत होते; त्याची नोंद इतिवृत्तात ‘मोठ्याआईंची मूक संमती’ अशी झाली.

समितीचा अध्यक्ष अंगद हा माझ्या धाकट्या दिरांचा नातू. यात्रेचा तांब्याचा कलश आमच्या देवघरात असतो. गावच्या बारवेचे पाणी भरून तो डोक्यावरून कोणी न्यायचा, हे ठरविण्याचा मान माझ्याकडे आहे. यंदा पाळी साखराबाईची होती. तिची लेक वैष्णवी दोन वर्षे अंथरुणाला खिळली होती. ‘पोर पायावर उभी राहिली, तर पायी कलश नेईन,’ असा साखराबाईचा नवस. पोर उभी राहिली. आता पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता आणि त्याआधी नवस फेडणे भाग होते. मुकादमाने तिला वाटेत मांजरसुंब्याला ट्रकमध्ये घेण्याचे कबूल केले होते.

अडचण एवढीच, की परवानगी ‘पदयात्रे’ची होती आणि कमानीवरही तोच शब्द रंगविलेला होता. कमान पुन्हा रंगविण्यापेक्षा अर्थ बदलणे सोयीचे होते. किक पायाने मारतात, सबब किक मारून केलेला प्रवास पायीच होय, असे अंगदने जाहीर केले.

“शिवशंकरच्या नव्या गाडीला किकच न्हाई की बे!” मागून आवाज आला.

लगेच उपसमिती नेमली गेली. तिने अहवाल दिला: गिअर पायाने पडतो, त्यास पाऊल समजावे, मागचा ब्रेकही पायानेच लागतो, त्यास विसावा समजावे. अनवाणी जाण्याची परंपरा मोडू नये, यास्तव चपला हँडलला अडकवाव्यात.

“आणि बारवेचे पाणी?” मी विचारले.

“मोठ्याआई, तिथं एवढा धबधबा पडतोय, इथून पाणी कावून न्यायचं? आन् न्यायचंच तर सीलबंद बाटल्या आणल्यात. थेंब सांडत न्हाई.”

“माझ्या शेवटच्या वेळी गंगाजळही बुचासकट घालशील तोंडात.”

“बूच काढून घालू की,” तो नम्रपणे म्हणाला.

नावनोंदणीच्या दिवशी साखराबाई आली.

“मावशी, गाडी नंबर?” अंगदने विचारले.

“गाडी कुठली बाबा? दोन पाय हायेत.”

“पायाचा रकाना न्हाई फॉर्मात.”

“मंग कशाचा हाय?”

“लायसन, विमा, टाकीत पेट्रोल किती.”

“मी दीड भाकर खाऊन निघते. तेवढं लिव्ह.”

अंगद निर्दय नाही. त्याने तिला एका गाडीवर मागची जागा देऊ केली. उपसमितीने हरकत घेतली: मागे बसणाऱ्याचा पाय काहीच करीत नाही, त्याची यात्रा पायी धरता येणार नाही. अखेर तोडगा निघाला. वाटेतल्या पाचही थांब्यांवर साखराबाईने खाली उतरून एकेक किक मारावी. पाच किकांत नवस फिटेल आणि तसे शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळेल.

साखराबाई माझ्याकडे वळली. “आईसाहेब, देवाला शिक्का वाचता येतो का हो?”

मी उठले, देवघरातून कलश आणला आणि तिच्या हातात दिला. “बारवेवर जा. भर. आणि चाल.”

चतुर्दशीला पहाटे ती निघाली. उन्हे वर आल्यावर एकशे दहा गाड्या निघाल्या. त्यांनी वाटेत तिला मागे टाकले, दीड तासात कपिलधार गाठले, बाटल्या ओतल्या, फोटो काढले आणि जेवायला गावात परत आल्या. समितीची नोंदवही घेऊन शिवशंकर तेवढा तिथे थांबला.

साखराबाई पौर्णिमेला दिवेलागणीस पोहोचली. शिवशंकरने वही उघडली.

“काकू, नांदूरघाटची पदयात्रा कालच येऊन गेली. तुमी चालत कुठून आल्या?”

“नांदूरघाटहून.”

“मंग तुमी यात्रेत न्हाई. कालच्या बाटल्या कलश म्हणूनच लिवल्यात; एका यात्रेला दोन कलश कसे दाखवू? वरून मलाच इचारतील.”

“तू वही सांभाळ लेकरा,” ती म्हणाली, “मी देवाला भेटून येते.”

तिने पाणी वाहिले, रिकामा कलश गावाकडे परतणाऱ्या एकाबरोबर माझ्याकडे धाडला आणि सकाळी ट्रक धरला. समितीच्या अहवालात ‘एका अनोळखी महिलेचा अनधिकृत प्रवेश’ अशी नोंद आहे. कलशाचा गैरवापर झाल्याने तो समितीकडे जमा करावा, अशी नोटीस मला आली आहे. मी ती देवघरात कलशाखाली अंथरली आहे; तांब्याचा डाग पाटाला लागत नाही.

राहता राहिली गाड्यांच्या त्या फेरीची मोबाइलवर फिरणारी चित्रफीत. ती तुम्ही पाहिली आहे. एकशे दहा झेंडे, ढोल, वरून टिपलेला घाट. मध्येच एका वळणावर हॉर्न वाजतो आणि एक बाई डोक्यावरचा कलश सावरीत रस्त्याखाली काट्यांत उतरते. तेवढेच, तीन क्षण. खाली कोणीतरी लिहिले आहे, ‘भक्तीच्या वाटेत असल्या बाया मधे मधे कशाला येतात?’

त्या वाक्याला पसंतीचा अंगठा देणाऱ्यांची नावे मी चष्मा लावून वाचली. तुमचे सातवे आहे.