घरच्या टोमॅटोची चव

घरी पिकवलेल्या भाजीची चव वेगळीच असते, हे सत्य आता निसर्गनियमांच्या पंगतीत बसवायला हरकत नाही. इतर नियमांना निदान एखादा प्रयोग करून दाखवावा लागतो. या नियमाला त्याची गरज नाही. तो भाजी पिकण्याआधी, बी पेरण्याआधी, किंबहुना कुंडी घरात येण्याआधीच सिद्ध झालेला असतो. ज्यांनी आयुष्यात साधी मिरची पिकवली नाही त्यांचाही त्यावर पूर्ण विश्वास आहे. (खरे तर त्यांचाच जास्त आहे.)

वजनमापे तपासणी कार्यालयातून नुकतेच निवृत्त झालेले अधीक्षक याच विश्वासाने भाजीपाल्याकडे वळले. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना अधीक्षकच म्हणत. बायको ‘अहो’ म्हणे, पण तेही जरा अर्ज केल्यासारखे. त्यांची सारी नोकरी दुकानात अचानक शिरून तराजूची पारडी उलटी करण्यात आणि खाली चिकटवलेले मेण शोधण्यात गेली होती. मापात पाप त्यांना कधी खपले नाही. आपल्या हातून एकही खोटा शिक्का पडला नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला पाणी आणि चहा यांच्या मधल्या वेळात सांगत. ते खरेही होते.

अशा माणसाला टोमॅटोच्या नादी लावले ते व्याह्यांनी. लेकीचे सासरे जेवायला येताना दर वेळी गच्चीवरच्या काकड्यांची पिशवी घेऊन येत, ती टेबलाच्या मधोमध ठेवत आणि कोणी काही विचारेपर्यंत तिच्याकडे बघत राहत. एकदा ते सहज म्हणाले, “गॅलरी तुमच्याकडेही आहे म्हणा. पण या कामाला हात लागतो.”

अधीक्षकांनी घास खाली ठेवला. “पुढच्या वेळी याल तेव्हा टोमॅटो घरचे असतील,” ते म्हणाले.

बोलणे सोपे असते, निस्तरणे अवघड. दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. “बाबा, तुम्ही बोलून मोकळे झालात. इथे सासूबाई रोज विचारतायत, टोमॅटो कुठवर आले म्हणून. मला तोंडावर पाडू नका हं.” म्हणजे प्रश्न आता भाजीचा राहिला नव्हता. सत्यवचनी बापाच्या शब्दाचा आणि लेकीच्या सासरच्या मानाचा झाला होता.

नवशिक्याने सुरुवात लहान करावी, असे सर्व जाणकार सांगतात. म्हणून अधीक्षकांनी फक्त गॅलरी व्यापली. कुंड्या आल्या, माती आली, मातीत मिसळायची दुसरी माती आली, गांडूळखत आले, फवारणीचा पंप आला. मोठे खुरपे, छोटे खुरपे आणि त्याहून छोटे खुरपे आले. (शेवटच्याचा उपयोग अजून कळलेला नाही, पण ते संचातच होते.) रुंद काठाची टोपी आली आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले. टोपी घालून अधीक्षक गॅलरीत उभे राहिले की दार लागत नसे, आणि टोपी काढली की आपण बागकाम करतो आहोत असे त्यांना वाटत नसे. दार उघडेच राहू लागले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बैठकीच्या खोलीत आल्या, आणि पाहुणे ओले टॉवेल बाजूला सारून सोफ्यावर बसू लागले.

“टोमॅटो येतील तेव्हा येतील,” बायको म्हणाली, “पण माझे परकर आधी बैठकीत आले.”

सल्ला हे नवशिक्याच्या बागेतले पहिले पीक असते, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटचेही. अधीक्षकांकडे ते भरघोस आले. सल्ला देणाऱ्यांपैकी स्वतः काही पिकवलेले लोक शेकडा शून्य होते. मात्र ज्यांच्या मावशीच्या दिरांनी काहीतरी पिकवले होते असे शंभर टक्के भरले. पाणी भरपूर घाला, असे लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला. पाण्यानेच झाडे मरतात, असे दाताचे डॉक्टर म्हणाले. (त्या वेळी अधीक्षकांचे तोंड उघडे असल्यामुळे चर्चा होऊ शकली नाही.) वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, झाडांशी बोलावे. या बँकवाल्यांची गच्ची भाजीसाठी साऱ्या इमारतीत गाजलेली होती. भाजी सगळ्यांनी पाहिली होती, गच्चीची किल्ली मात्र त्यांच्याकडे असे. अधीक्षकांनी तिन्ही सल्ले ज्येष्ठतेनुसार अमलात आणले. म्हणजे त्यांनी भरपूर पाणी घातले, मग ते उपसून काढले, आणि या गोष्टीबद्दल कुंडीची माफी मागितली.

यथावकाश बी पेरले गेले. इथपर्यंत अधीक्षकांच्या हातून अशी एकही चूक झाली नव्हती जी तुमच्या-आमच्या हातून होत नाही. पुढची मात्र खास त्यांची होती.

ज्या माणसाने आयुष्यभर अचानक तपासणी केली, त्याने मातीखाली काय चालले आहे हे न बघता गप्प बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. झाकलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या खात्याचे पहिले तत्त्व होते. रोज सकाळी अधीक्षक पेपर वाचल्याचे सोंग करत, मग एकाएकी उठून गॅलरीत शिरत, आणि सर्वांत छोट्या खुरप्याने एकेक बी उकरून वर काढत. (या खुरप्याच्या उपयोगाबद्दल वर केलेले विधान एवढ्यापुरते मागे घेत आहोत.) बी जागेवर आहे, फुगलेले नाही, कोंब नाही, असा शेरा मनात मारून ते पुन्हा पुरत. बियांना संशय येऊ नये म्हणून वेळ रोज बदलत. एकदा तर ते दुपारी जेवता जेवता पानावरून उठले.

“अहो, त्या बियांना जरा डोळा तरी लागू द्या,” बायको म्हणाली.

“काम चालू असेल तर तपासणीला घाबरायचं कारण काय?” अधीक्षक म्हणाले. हा प्रश्न त्यांनी हजारो दुकानदारांना विचारला होता आणि त्याचे उत्तर कोणालाच देता आले नव्हते. बियांनाही आले नाही. काही बिया बाद झाल्या, काही बेपत्ता झाल्या, आणि एक मुंगी बी वाहून नेताना समक्ष पकडली गेली.

मग अधीक्षकांना ताप आला. चांगला सणकून आला आणि आठवडाभर त्यांना अंथरुणातून हलता आले नाही. बायकोने सूप केले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि गॅलरीचे दार लावून घेतले. बरे होऊन, भिंतीचा आधार घेत ते गॅलरीत गेले, तर एका कुंडीत दोन पानांचा हिरवा कोंब उभा होता. आपल्या गैरहजेरीत, कोणाचीही मंजुरी न घेता तो उगवला, याचा त्यांना आधी थोडा रागच आला. मग ते स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. तपासणीचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. डोळे भरून आले, आणि ते अशक्तपणामुळे असावे अशी त्यांनी नोंद घेतली.

त्या दिवसापासून अधीक्षक बदलले. ते रोपाला खरेच जपू लागले, त्याला काठी बांधू लागले, पानांवरची धूळ पुसू लागले. कपड्यांच्या दोऱ्या त्यांनी पुन्हा गॅलरीत बांधून दिल्या, आणि बायको टॉवेल वाळत घालायला आली की ते स्वतः सरकून तिला जागा देत. रोपाला फुले आली, गळली, आणि एका फुलाचा टोमॅटो झाला. एकच. लिंबाएवढा, एका बाजूने लाल, दुसरीकडून हिरवा, देठाजवळ तडकलेला. आणि त्याच सुमारास लेकीचा फोन आला की रविवारी सगळे जेवायला येतो आहोत, सासूबाईंनी टोमॅटोसाठी मुद्दाम पोटात जागा ठेवली आहे.

सहा माणसे आणि एक टोमॅटो, हा हिशेब कोणत्याही तराजूवर बसेना. शनिवारी अधीक्षकांनी बागकामाची टोपी डोळ्यांवर ओढली आणि ते कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले. तिने टोपीकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, आणि समोरच्या टोपलीला हात न लावता मागची टोपली पुढे ओढली.

“कुंडीवाले ना, काका? हे घ्या. देठासकट आहेत, जरा माती पण ठेवलीये. एकसारखे देत नाही मी तुम्हा लोकांना, पाहुण्यांना संशय येतो.”

“आम्हा लोकांना?” अधीक्षक म्हणाले.

“बागा वाढल्यापासून माझा धंदा दुप्पट झालाय,” ती समाधानाने म्हणाली.

एवढ्यात त्याच टोपलीत दुसऱ्या बाजूने एक हात आला. हात वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही हातात टोमॅटो होता.

“सहजच,” बँकवाले म्हणाले. “बाजारचे कसे असतात ते बघत होतो. तुलनेसाठी.”

“मीही तुलनेसाठीच,” अधीक्षक म्हणाले. तुलनेसाठी दोघांनी दोन-दोन किलो घेतले आणि परतताना जिना वेगवेगळ्या वेळी चढायचे ठरवले.

घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेले नाही. लोकांच्या पारड्याखालचे मेण आपण काढत आलो, आणि आज आपणच पारड्याखाली मेण लावतो आहोत, हे त्यांना उघड दिसत होते. बायकोने पिशवी पाहिली. तिने टोमॅटो धुवायला घेतले, आणि मग आठवण होऊन माती तेवढी राहू दिली.

रविवारी व्याही आले, विहीणबाई आल्या, लेक आणि जावई आले, काकड्यांची पिशवी आली. अधीक्षकांनी टोमॅटोच्या चकत्यांचे मोठे ताट मधोमध ठेवले. त्याच ताटात, व्याह्यांच्या बाजूला, त्यांनी आपल्या रोपाचा टोमॅटोही चिरून मांडला. निदान एवढे तरी खरे असावे, आणि ते नेमके व्याह्यांच्या तोंडी पडावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या मनाला तेवढाच आधार होता.

व्याह्यांनी पहिली चकती उचलली, ती बाजारची निघाली. त्यांनी डोळे मिटले. “वा. याला म्हणतात घरचा टोमॅटो,” ते म्हणाले. “हात आहे तुमच्याकडे. मी शब्द मागे घेतो.” विहीणबाई म्हणाल्या की असा टोमॅटो त्यांनी लहानपणी खाल्ला होता, त्यानंतर आजच. लेकीने बापाकडे इतक्या अभिमानाने पाहिले की अधीक्षकांना खाली बघावे लागले.

मग व्याह्यांनी दुसरी चकती उचलली. ती तडकलेली, अर्धी हिरवी होती. व्याह्यांनी चावली, थांबले, आणि तोंड आंबट करून ती ताटाच्या कडेला ठेवली.

“हा एक बाजारचा मिसळलाय तुम्ही,” ते हसत म्हणाले. “जिभेला लगेच कळतं हो. काय काय फवारतात त्यावर, कोण जाणे.”

टेबलाभोवतीचे सगळे अधीक्षकांकडे बघू लागले. बायकोही बघत होती, तिला सगळे माहीत होते. तो माझा आहे, असे म्हणायचे तर बाकीचे ताट कोणाचे हे सांगावे लागले असते. लेक त्यांच्या शेजारीच बसली होती. आयुष्यात एवढा साधा जबाब त्यांना कधी इतका जड गेला नव्हता.

“असेल,” अधीक्षक म्हणाले. “कमी पडतील म्हणून एक आणला होता.”

आयुष्यातला पहिला खोटा शिक्का त्यांनी मारला, आणि तो एकमेव खऱ्या मालावर मारला. त्यांना फार वाईट वाटले. पण जेवण छान झाले, लेक खुशीत निघाली, आणि व्याही घरच्या टोमॅटोंची पिशवी घेऊन गेले. जाताना आपल्या काकड्या ठेवून गेले. काकड्यांच्या पिशवीच्या तळाशी, भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीला बांधते तसला लाल दोरा होता. अधीक्षकांनी तो बोटाला गुंडाळला, थोडा वेळ पाहिला आणि केराच्या डब्यात टाकला.

“सांगायचं होतं ना त्यांना,” बायको म्हणाली.

“काय सांगू?” अधीक्षक म्हणाले. “त्यांच्या काकड्या उत्तम आहेत.”

ताटाच्या कडेला राहिलेल्या आपल्या टोमॅटोच्या चकत्या घेऊन ते गॅलरीत गेले आणि रोपाजवळ उभे राहून त्यांनी त्या खाल्ल्या. खोटे कशाला बोला, त्या आंबट होत्या, कडक होत्या आणि सालीचा चोथा होत होता. बाजारचा टोमॅटो कितीतरी बरा होता. अधीक्षकांनी शेवटची चकतीही संपवली, आणि तिच्यातल्या बिया जिभेने वेगळ्या काढून बशीत ठेवल्या.

वाचकांना या प्रकरणात अधीक्षकांचे हसू आले असल्यास हरकत नाही. त्यांनी फक्त एवढे आठवून पाहावे, की परवा शेजारच्यांनी मोठ्या प्रेमाने जी घरची भाजी आणून दिली, ती चाखून “चव वेगळीच आहे हो” असे आपण म्हणालात. ती कोणत्या टोपलीतली होती, हे विचारण्यात आता अर्थ नाही. पण त्यात एक तडकलेला, वेडावाकडा टोमॅटो होता, जो आपण “हा मेला बाजारचा दिसतोय” म्हणून केरात टाकलात. तो देताना शेजाऱ्यांचा हात जरा रेंगाळला होता.