प्रेम तपासून मिळेल

खरी भावना ही समाजाची मौल्यवान संपत्ती असल्यामुळे ती माणसांच्या भरवशावर सोडून चालत नाही. म्हणूनच 'अस्सल भावना पडताळणी कार्यालय' स्थापन झाले आणि लोक निर्धास्तपणे रडू लागले. (आधीही रडत होते, पण ते ग्राह्य धरता येत नाही.)

हुंदका विभागातल्या सर्वात तरुण निरीक्षकाला सगळे ओलेसाहेब म्हणत. कान इतका तयार, की भिंतीपलीकडचा हुंदका ऐकून तो जेवता जेवता सांगे, "सासऱ्यासाठी आहे. नापास." नियम त्याला तोंडपाठ. अस्सल रडण्यात आधी नाक वाहते, मग डोळे. अस्सल माफी अर्ध्यातच अडखळते. पूर्ण वाक्यात मागितलेली माफी वकिलाने लिहून दिली आहे असे समजावे. अस्सल आनंदात माणूस हाताशी असेल ते सांडतो (पाण्याचा पेला कार्यालयातर्फे). गेल्या वर्षी आलेल्या भावनांपैकी एकसष्ट टक्के नकली निघाल्या, बावीस टक्के भुकेच्या, अकरा टक्के डोळ्यात काहीतरी गेल्याच्या. उरलेल्या रांगेत थांबून थांबून आटल्या.

अशा या ओलेसाहेबांचे समोरच्या दुकानातल्या चष्मेवालीवर मन बसले. आता लग्न करायचे तर दोघांचेही प्रेम पडताळून घ्यावे लागते. चष्मेवाली सकाळीच पास झाली. त्याच्याकडे बघत बघत तिने पुसायला घेतलेला चष्मा चहात बुडवला आणि चमच्याने ढवळलासुद्धा. राहिला तो. एकदा नापास झालेले प्रेम पुन्हा तपासायला घेत नाहीत, शिळे धरतात. म्हणजे हुकले की कायमचे हुकले.

त्याने आरशासमोर तालीम सुरू केली. आवाजाला कंप, नाकाला पाणी, वाक्याला खीळ. आईने दारातून बघितले आणि काळजीने विचारले, "बाळा, प्रेमच आहे ना? ओवा देऊ का?" प्रगती होत असल्याचे त्याने ताडले.

तपासणीला कार्यालयाच्या प्रमुख थोरल्या बाई स्वतः बसल्या. समोरच्या खुर्चीत चष्मेवाली. त्याने नाक ठरल्या वेळी वाहवले, वाक्य ठरल्या जागी तोडले, पेला असा सांडला की पाणी सांडपाण्याच्या जाळीतच गेले. थोरल्या बाई भारावल्या. इतके बिनचूक काम आपण उभ्या नोकरीत पाहिले नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याला नापास केले. खरी भावना नियमात कधीच पूर्ण बसत नाही, असा नियमच आहे.

चष्मेवालीने हळूच विचारले, "माझ्यासाठी एवढी तालीम केलीस?"

"रोज. आईला वाटलं, माझं पोट—"

आणि त्याला उचकी लागली. साधीसुधी नाही, खुर्चीसकट उडवणारी. त्याने श्वास रोखला, नाक दाबले, टेबल धरले; टेबलही उडू लागले. चष्मेवालीला हसू फुटले, ते दाबायला ती वाकली तर तिलाही उचकी. बाहेर आत्याच्या शोकासाठी रांगेत उभे असलेले गृहस्थ हसत हसत खाली बसले आणि जागच्या जागी नापास झाले.

थोरल्या बाईंनी नियम चाळले. उचकी कुठेच नव्हती. मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय."

"बाई, ती तर समोरच बसलीये."

"समोर बसून आठवण काढतेय? मग प्रश्नच मिटला."

लग्न उचकीवर मंजूर झाले. अट एकच: उचकी चालू राहिली पाहिजे. त्यामुळे पाहणीला कोणी आले की ओलेसाहेब गुपचूप कोरडी बिस्किटे कोंबतात आणि चष्मेवाली पाणी आणायला मुद्दाम उशीर लावते. कार्यालयाच्या मते हा संसार आदर्श आहे.

हे वाचताना कोणाला हसू आले असल्यास ते पडताळणीपूर्वी आपले समजू नये. शेवटी जरा बरे वाटले असेल, तर आधी काही खाऊन पाहावे. मात्र एकटेच हसताना कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून आपण आत्ता जी मान वळवलीत, ती भावना शंभर टक्के अस्सल आहे. अभिनंदन.