नावेला ताप येऊ नये म्हणून

मे महिन्यात तुळशीरामबुवांच्या घरी कोणी गेलं तर प्यायला पाणी नंतर मिळतं. आधी हात धुवायला लावतात. मग अंगणातल्या कडुलिंबाखाली ठेवलेल्या नावेच्या पोटाला तो हात लावायला सांगतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. आजारी लेकराचा बाप डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो, अगदी तसे.

"पाहा बरं, ताप हाये काय?"

नवखा माणूस हसतो. मीही पहिल्यांदा हसलो होतो. त्याची लाज मला अजून वाटते. पण ज्याची खरी लाज वाटायला हवी ते पुढे सांगणार आहे.

आमचं गाव कारंजा आणि इंझोरीच्या मधल्या पट्ट्यात, एका धरणाच्या काठावर आहे. पावसाळ्यात धरण भरलं की पलीकडची गावं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर कारंज्याला एस.टी. बदलून अर्धा दिवस मोडतो. बुवांच्या नावेतून वीस मिनिटं. उन्हाळ्यात मात्र पाणी आटत आटत दूर जातं, शेवटी चिखलाचं डबकं उरतं. पूर्वी बुवा नाव डोहात दगड भरून बुडवून ठेवत. लाकूड पाण्यात फुगलेलं राहिलं की फळ्यांचे सांधे घट्ट राहतात. आता डोहच राहत नाही. म्हणून चैत्र संपला की नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बुवांच्या अंगणात येते. बुवा म्हणतात, "माहेरपनाले आली."

आणि माहेरपण म्हणजे कसं! नावेवर पोत्यांचं पांघरूण, पोती दिवसातून चारदा ओली. उन्हाची लू लागू नये म्हणून आमच्याकडे माणसं खिशात कांदा ठेवतात. बुवांनी नावेच्या टोकाला कांदा बांधला होता. येणारेजाणारे विचारत, "काय बुवा, नावेले पन्हं पाजलं काय?" बुवा गंभीरपणे सांगत, "नाई बाप्पा. आंबट तिले सोसत नाई."

"तिले सोसत नाई" हे बुवांचं ठेवणीतलं वाक्य. नावेला ऊन सोसत नाही, रॉकेलचा वास सोसत नाही, टिनाची सावली सोसत नाही. "टिनाखाली ठेवाव तं पापड होईन तिचा." आणि साबण तर मुळीच सोसत नाही. हे कळायचं कारण असं, की बुवांच्या घरी आंघोळ नावेत बसून करावी लागे. टँकरचं पाणी मोजकं. माणसाने एक बादली अंगावर घेतली तर ती वाया का जावी? खाली तिला मिळावी. जावई पहिल्या धोंड्याच्या वाणाला आले, तेव्हा त्यांनाही टॉवेल नेसवून नावेत बसवलं. शेजारच्या बाया कुंपणाशी उभ्या. जावयांनी पिशवीतून वासाच्या साबणाची वडी काढली तसे बुवा ओरडले, "जवाईबापू, साबन नाई! तिले सोसत नाई!"

गिरजाकाकू, म्हणजे बुवांची बायको, कपाळावर हात मारून आत गेल्या.

काकूंचं खरं दुःख वेगळं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी बुवांनी कारंज्याहून कूलर आणला. निळ्या पंपाचा, वाळ्याच्या ताट्यांचा, चांगला मोठा. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बुवांनी कूलर खिडकीत बसवला आणि त्याचं तोंड अंगणाकडे केलं.

"अवो, उलटा बसला हा!"

"बराबर बसला. आपल्याले कडुलिंब हाये."

"अन् तिले?"

"तिलेबी हाये. पन थे हातपंखा हालवू शकते काय?"

त्या दिवसापासून काकू आत पंख्याखाली घामाने भिजत आणि नाव बाहेर वाळ्याच्या वासात थंडगार.

माझा बुवांशी संबंध या कूलरमुळे वाढला. मी गावात विजेचा वायरमन आहे. बुवांचं घर माझ्या घराला लागून. गावात वीज गेली की ती मीच घरी नेऊन ठेवली आहे असं लोकांना वाटतं. कोणी आईवरून बोलतं, कोणी बापावरून. सतरा वर्षं झाली, सवय झाली, असं मी सांगतो, झालेली नाही. बुवा मात्र शिवी देत नसत. त्यांचा फोन येई, आवाज हळू, कोणाच्या उशाशी बसून बोलल्यासारखा.

"भाऊ, लाईन गेली. नाव तापून राह्यली."

"बुवा, सारं गाव तापलंय."

"गाव बोलते नं. थे बोलत नाई."

गेल्या वर्षीची गोष्ट. बुवांची एकुलती एक लेक वनिता धरणापलीकडच्या गावात दिलेली. तिला सातवा महिना होता. ओटी भरायच्या कार्यक्रमाला बुवा-काकू दोन दिवस जाणार होते. बाळंतपणाला तिला कसं आणायचं यावर दोन्ही घरांत वाद चालला होता. रस्ता इतका खड्ड्यांचा की डॉक्टरीणबाईंनी गाडी नको म्हणून सांगितलं होतं. विहीणबाई म्हणत, "मंग इथंच होऊ द्या." बुवा म्हणत, "पहिलं बाळंतपन माहेरी. पानी भरलं की नाव पाठवतो. पोटातलं पानी हालनार नाई."

निघताना त्यांनी मला कूलरपाशी उभं करून शिकवलं. मी वायरमन, मला कूलर शिकवला! "टाकी सकाळी भरजा, दुपारी भरजा, सांजच्याले भरजा. पोती कोरडी होऊ देजा नोका. अन् दिवसातून एकदा हात लावजा. नुस्तं पाहून समजत नाई."

"बुवा, चिंता करू नका."

मी हे बोललो. हे शब्द माझे आहेत.

पहिल्या सकाळी मी टाकी भरली, पोती भिजवली, कूलर सुरू केला. दहा वाजता फोन आला की वादळाने दुसऱ्या गावाकडच्या तारा पाडल्या आहेत. तिकडे गेलो तो रात्री परतलो. इथवर माझी चूक नाही असं कोणी म्हणेल. पण दुसरा दिवस माझा रिकामा होता. मी माझ्या घरात, माझ्या कूलरसमोर, दुपारी चारपर्यंत झोपलो होतो. बुवांची नाव आठवली नाही असंही नाही. कुशीवर वळताना आठवली होती. "उठतो," असं मनात म्हणालो आणि वळलो.

चारला गेलो तेव्हा कूलर सुरूच होता. टाकी खडखडीत. पंप जळून गेलेला. पाणी नसलेला कूलर म्हणजे लोहाराचा भाता. दीड दिवस तो नावेवर गरम वारा फुंकत होता. पोती पापडासारखी कडक झाली होती. एरवी दिवसातून पाचदा जाणारी वीज त्या दीड दिवसात एकदाही गेली नव्हती. ती गेली नाही म्हणून मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मी नावेला हात लावला आणि काढून घेतला. चटका बसला.

मग मी काय केलं? माझ्या कूलरचा पंप काढून त्यांच्या कूलरला बसवला. जळका माझ्या पेटीत लपवला. बादल्यांवर बादल्या ओतल्या. बुवा आले तेव्हा पोती टपटपत होती, कूलर गार वारा मारत होता. बुवांनी चपला काढल्या आणि नावेच्या पोटाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हं," ते म्हणाले. "जराशी गरम वाटून राह्यली. हवाच तशी हाये."

मी "हो" म्हणालो.

आषाढात धरण भरलं. बुवांनी विहीणबाईंना दिवस कळवला: गुरुवारी येतो. बुधवारी नाव पाण्यात सोडली. अर्धं गाव काठावर. नाव हात दोन हात गेली असेल, तोच तळाशी पाणी चकाकलं. मग घोट्यापर्यंत आलं. मधल्या दोन फळ्यांचा सांधा नखभर उघडला होता.

काठावरून एक जण ओरडला, "बुवा, माहेरचा पाहुनचार जास्त झाला वाटते!"

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. "माह्या तोंडचा वारा हिरावून तिले देल्ला, अन् हे फळ? आता कोन्या तोंडानं सांगता पोरीच्या सासूले?"

बुवा पाण्यात उभे होते. मी काठावर, त्यांच्यापासून चार हातांवर. बोलायला तेवढं अंतर पुरेसं होतं.

"माहं चुकलं," बुवा म्हणाले. "ओटीले जाच्या घाईत म्याच पंपाचं बटन पाह्यलं नाई. भाऊनं तं पानी भरलंच होतं."

काकू पदर खोचून घरी गेल्या. आठ दिवस त्या बुवांशी बोलल्या नाहीत. आणि मी, सतरा वर्षं न केलेल्या गुन्ह्यांच्या शिव्या खाणारा माणूस, माझ्या खऱ्या गुन्ह्याच्या वेळी तोंड मिटून उभा होतो.

बुवांनी सांध्यात कापूस आणि डांबर भरलं, नाव काठाशी उथळ पाण्यात नेली, दगड घालून बुडवली आणि स्वतः शेजारी कमरभर पाण्यात बसले. लाकूड पाणी पिऊन फुगेल तेव्हा सांधा मिटेल. घाई करून चालत नाही. गुरुवार गेला. विहीणबाईंचा फोन आला. बुवांना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. "काय इवाई, नाव पंचांग पाहून निंगते काय? आमी वनिताची भरलेली पिशवी उघडून ठेवतो मंग."

"दोन दिवस द्या," बुवा म्हणाले. "तिले थोडं बरं नाई."

मी रोज जाऊन काठावर बसत असे. बुवा पाण्यात हात घालून सांधा चाचपत आणि मला काही विचारत नसत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी दगड काढले, नाव उपसली. बुवा म्हणाले, "भाऊ, तुमी चाला संगं. डबा घ्या. पानी आलं तं उपसा."

मी पत्र्याचा डबा घेऊन नावेत बसलो. डोळे त्या सांध्यावर. निम्मं धरण पार झालं तरी फळी कोरडी. डबा कोरडा. दोन्ही काठ सारखेच दूर होते. पळायला जागा नव्हती, म्हणूनच असेल, मला बोलता आलं.

"बुवा, पंप तुम्ही विसरला नव्हता. टाकी मी भरली नाही. मी झोपलो होतो."

बुवा वल्हवत राहिले.

"मले मालूम हाये."

"कसं?"

"माहा पंप निळा होता. आलो तं काळा."

"मग तुम्ही काकूंसमोर, गावासमोर स्वतःवर कायले घेतलं?"

बुवांनी वल्हं थांबवलं. नाव आपोआप पुढे सरकत होती.

"गाव तुमाले रोज शिव्या देते. लाईन गेली तं तुमी, तार तुटली तं तुमी. म्या पाह्यलं, तुमी दाराची कडी लावून बसता. आनखी हे एक कायले लादू? मले काय, एकटी गिरजाच बोलते. अन् थे बोलत नाई तवा घर खायाले उठते, पन आठ दिवसात बोलते." मग वल्हं मारत म्हणाले, "तुमाले अंदर तापत असन, हे समजत होतं. नुस्तं पाहून समजत नाई, पन हात कुठी लावाव?"

मी डब्यात तोंड घालून बसलो. त्या दिवशी त्या डब्यात जे काही पाणी पडलं, ते नावेचं नव्हतं.

पलीकडे विहीणबाई काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या. नाव लागताच वाकून त्यांनी तळाला हात फिरवला, हात उलटा करून पाहिला, पुन्हा फिरवला. मग मागे वळून म्हणाल्या, "बस व पोरी. चटई बी नाई लागत." बुवांनी छाती काढली नाही, मान उंच केली नाही. वनिताला बसवलं आणि नाव अशी आणली की निघताना सासूने दिलेल्या, तिच्या मांडीवरच्या वाटीतलं दही हललं नाही. आमच्या काठावर अर्धं गाव पुन्हा उभं होतं. या वेळी कोणी हसलं नाही. मी डबा उलटा धरून सगळ्यांना दाखवला. आयुष्यात मी इतका ताठ मानेने गावासमोर उभा राहिलो नव्हतो, आणि अभिमान तर सगळा दुसऱ्याचा होता.

मग तिथंच, सगळ्यांदेखत, टाकी माझ्यामुळे कोरडी राहिली होती हेही सांगून टाकलं. दोन जणांनी शिव्या दिल्या. त्या मला बरोबर लागल्या.

यंदा मे महिन्यात नातू वर्षाचा व्हायच्या आधी त्याचं जावळ काढायला बुवा-काकू पलीकडे निघाले. मला वाटलं, या वेळी दुसऱ्या कोणाला सांगतील. सकाळी दार वाजलं. बुवा किल्ली घेऊन उभे.

"दोन दिवस चाल्लो. नाव तुमच्यावर."

"बुवा, माझ्यावर? पुन्हा?"

"तिले आता तुमच्या हाताची सवय झाली. नवा मानूस तिले सोसत नाई."

दोन दिवस मी रजा घेतली. टाकी सकाळी भरली, दुपारी भरली, सांजच्याला भरली. रात्री उठून हात लावून पाहिला. ताप नव्हता. आणि दोन्ही दिवस आंघोळ नावेत बसून केली. कुंपणाशी बाया होत्या.

साबण लावला नाही.