संयुक्त कपाट

पाणी नेहमी उताराकडे जातं आणि कागद नेहमी वरच्या माणसाकडे. निसर्गाचे हे दोन नियम जिथे एकमेकांना भेटतात, तिथे संयुक्त नदी आयोग स्थापन होतो.

हा आयोग दोन देशांचा होता. चौदा वर्षांत त्याच्या त्रेसष्ट बैठका झाल्या. पैकी एकेचाळीस नदीच्या नावावर खर्ची पडल्या आणि अखेर तिला 'सदर जलप्रवाह' म्हणायचं ठरलं. तोवर हवामान बदललं. वीस वर्षांतून एकदा येणारा पूर वर्षातून तीनदा येऊ लागला. आयोग डगमगला नाही. धोक्याची तांबडी रेघ दरवर्षी हातभर वर रंगवायची असं त्यानं ठरवलं, आणि पुरांचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलं. (रंगाचा डबा दोन्ही देश आळीपाळीनं देत.)

रेघ रंगवायचं काम मोजणीदाराचं. वरच्या देशात, नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत बसून तो मोजपट्टीवरचं पाणी दर तासाला वहीत लिही. पाणी चढलं की इशारा धाडायचा: आधी जिल्ह्याला, तिथून आपल्या राजधानीला, तिथून त्यांच्या राजधानीला, आणि मग तसाच पायऱ्या उतरत पलीकडच्या गावाला. इशारा अकरा दिवसांत पोचे. पाणी सहा तासांत. म्हणजे तफावत अवघी दहा दिवस अठरा तासांची, आणि तीही कमी करायला उपसमिती नेमलेली होती.

अडचण एवढीच, की मोजणीदाराची थोरली बहीण त्याच गावात दिलेली होती.

पलीकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलायला कर्मचाऱ्यांना बंदी नव्हती. फक्त पाण्याचा विषय काढायचा नाही. (ख्यालीखुशाली, आजारपण आणि भांडण यांना मुभा होती.) मोजणीदार नियमाला धरून चालणारा माणूस. नदी फुगली की तो ताईला फोन लावी, पण पाण्याचं नाव काढत नसे.

"ताई, चपला वर ठेव."

"किती वर?"

"मी असतो तर कपाटच गच्चीवर नेलं असतं."

ताईचं कपाट लाकडी, पुरुषभर उंच. ते उचलायला चार शेजारी लागत. कपाट वर पोचलं की चौघे घरी जाऊन आपापलं सामान बांधत, त्यांना बघून आळी, आळीला बघून गाव, आणि तासाभरात सगळे टेकडीवर. असे तीन पूर आले. माणूस सोडा, एक कोंबडी दगावली नाही.

आयोग हरखून गेला. इशारा पोचण्याच्या दहा दिवस आधीच लोक टेकडीवर! आयोगाच्या कार्यक्षमतेचा याहून मोठा पुरावा तो काय? ताबडतोब अभ्यासगट आला. "तुम्हाला पूर कसा कळतो?" असं त्यानं घरोघर विचारलं. शंभरातले सत्त्याण्णव जण म्हणाले, "कपाटावरून." (उरलेले तिघे कपाट उचलून कंबर धरून बसले होते.)

चौसष्टाव्या बैठकीत कपाटाला 'संयुक्त हवामान-अनुकूलन साधन' असा दर्जा मिळाला. दारांना लाखेचा शिक्का लागला. दोन्ही राजधान्यांच्या लेखी संमतीवाचून ते जागचं हलवू नये, असा कागद वर चिकटला. आत ताईचे सगळे कपडे अडकले. त्यांची नोंद 'पूरक साहित्य' अशी झाली.

मग तो दिवस उजाडला. सकाळी नवाला पाणी नवी रेघ ओलांडून मोजणीदाराच्या खोलीत शिरलं. तो टेबलावर चढला आणि फोन लावला.

"ताई, कपाट!"

"अरे, अर्ज करावा लागतो आता. अकरा दिवस म्हणतात."

"खड्ड्यात गेलं ते कपाट! पूर येतोय, पूर! तू वर जा आणि गावाला ओरडून सांग!"

नोकरीत पहिल्यांदाच त्यानं नियम मोडला होता. ताई गच्चीवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडली. लोक आले, खिडकीतून आत डोकावले. कपाट जागच्या जागी होतं, शिक्का शाबूत होता.

"उगीच घाबरवता काय, वहिनी," म्हणत ते चहाला परत गेले.

मोजणीदार फोन कानाला लावून रडत होता. "आता काय करतायत?"

"एकजण मला खाली उतरा म्हणतोय. पडाल म्हणे."

दुपारी तीनला पाणी आलं. दारात आलं, घरात आलं, गुडघ्यापर्यंत चढलं, कमरेला लागलं. लोक अजून ताईच्या खिडकीकडेच बघत होते. आणि ताई किंचाळली, "अगंबाई! कपाट निघालं!"

पाण्यानं ते अलगद उचललं, आडवं करून दारातून बाहेर काढलं आणि शिक्क्यासकट चौकाच्या दिशेनं चालवलं. कपाट हललेलं दिसताच गाव एका दमात टेकडीकडे सुटलं. हाताला लागेल ते पोर खांद्यावर घेऊन झाडून सगळे पोचले. ते ऐकून मोजणीदार रडता रडता इतका हसला, की टेबलावरून पाण्यात पडला.

आयोगाच्या अहवालात यंत्रणा शंभर टक्के यशस्वी ठरली आहे. साधन विनापरवाना हलल्याबद्दल ताईकडून खुलासा मागवला आहे. मोजणीदाराची चौकशी चालू आहे.

वाचकांना या गावाचं हसू येणं स्वाभाविक आहे. यंदा उन्हाळा किती लांबला आणि विहिरी किती खोल गेल्या, हे त्यांनाही दिसलेलंच आहे. दिसल्यावर तुम्ही शेजाऱ्याकडे बघितलंत, तो स्वस्थ होता, म्हणून हे वाचायला घेतलंत. तो आत्ता खिडकीतून तुमच्याकडे बघतोय. तुम्ही निवांत वाचत बसलेले दिसताय, तेव्हा त्यानंही पाय पसरले आहेत.