शेवटची ओळ सांगा

ओक बाईंच्या दाराची बेल वाजवली की आतून "कोण आहे?" असं कधी येत नाही. "शेवटची ओळ सांगा," असं येतं.

नवखा माणूस गोंधळणारच. मागे एक कुरिअरवाला बिचारा बराच वेळ दारात घुटमळला. मग हातातल्या पार्सलवरच्या पत्त्याची शेवटची ओळ वाचून म्हणाला, "पुणे अडतीस." बाईंनी दार उघडलं, सही केली आणि त्याला सांगितलं की बाकीच्यांना एवढंसुद्धा वाचता येत नाही. तो अजूनही आमच्या बिल्डिंगमध्ये आला की आधी दुसऱ्या मजल्याकडे बघून घेतो.

बाकीचे म्हणजे आम्ही. पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहून पोट भरणारे, किंवा पुढेमागे भरू पाहणारे. प्रोग्राम चुकला की पायथॉन स्क्रीनवर वीस-पंचवीस ओळींची तक्रार ओततो. आम्ही ती बघूनच गांगरतो, आणि वाचलीच तर वरून वाचतो. नेमकं काय बिघडलं ते बहुतेक वेळा सगळ्यात खाली लिहिलेलं असतं. बाईंचं म्हणणं एवढंच, की ते वाचून या. कितीतरी जण ती ओळ दारात मोठ्यानं वाचतावाचता "अरे हो की" म्हणून परत फिरायचे. मग दार उघडायचं आणि बाई म्हणायच्या, "आलाच आहात तर चिवडा खाऊन जा."

आता बाई म्हणजे कोण, तर आमच्या कोथरूडच्याच एका शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, नाकावर घसरलेला चष्मा. एकट्या राहतात. बाईंचा भाचा परदेशी गेला तेव्हा त्याची पुस्तकं इथे टाकून गेला आणि रद्दीत द्यायला सांगून गेला. बाई रद्दीसुद्धा वाचल्याशिवाय देत नाहीत. त्यात एक जाडजूड पायथॉनचं पुस्तक निघालं. बाईंनी ते पहिल्या पानापासून घेतलं आणि प्रत्येक प्रकरणामागची उदाहरणं सोडवली. कागदावर, पेन्सिलनं. कॉम्प्युटरला हातही न लावता! कोणत्या ओळीला कोणती किंमत कितीची कितीवर गेली, हे बाजूला समासात लिहीत तीन महिने बाईंनी सगळे प्रोग्राम हातानं चालवले. मग भाच्याचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला आणि एकेक प्रोग्राम त्यावर टाकला. "माझ्याशी ताडून बघितलं, मशीनचं बरोबर येतंय," असं त्या मला अगदी गंभीरपणे म्हणाल्या होत्या.

मी चौथ्या मजल्यावर राहते आणि आयटीत नोकरी करते. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं कौतुकाचं, म्हणजे खरं तर हसण्यावारी न्यायचं वाटायचं. एकदा मात्र माझा प्रोग्राम एक फाइल सापडतच नाही म्हणून अडून बसला होता. फाइल माझ्या डोळ्यांसमोर, आणि हा म्हणतोय नाही. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आली होती. बाईंची वाटी परत द्यायला गेले आणि सहज बोलून गेले. बाईंनी लॅपटॉप आणायला वर जाऊ दिलं नाही. हातात फुलस्केप कागद दिला आणि तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी चिडून लिहिलं. बाईंनी खालून वर वाचलं आणि विचारलं, "तू स्वतः कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहेस?"

"बघून सांगते," म्हणत मी उठले.

"मग पत्ता कसला विचारतेस?"

मी भलत्याच फोल्डरमधून प्रोग्राम चालवत होते. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तोंडात मारल्यासारखी वर आले, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून मीच कंपनीतल्या पोरांना बाईंचा पत्ता देऊ लागले.

हळूहळू दर दुपारी चार ते सहा दुसऱ्या मजल्यावर चपलांचा ढीग दिसायला लागला. कॉलेजची पोरं, नोकरी बदलणारे, एक दाढीवाला मॅनेजरसुद्धा. येरवड्याहून एक मुलगी दोन बस बदलून यायची. तिनं सगळ्या प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार प्रोग्राम, एकाच ठिकाणी कोंबल्या होत्या. एकाला जुनी लागे, एकाला नवी, एक चालू केलं की दुसरं बंद. बाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, लोणच्याच्या बरण्या दाखवल्या आणि विचारलं, लिंबाचा चमचा कैरीच्या बरणीत घालतेस का? पोरीनं त्याच दुपारी प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी बरणी केली. तिच्या लॅपटॉपवर त्या फोल्डरांची नावं आजही बरणी एक, बरणी दोन अशीच आहेत.

धायरीचा एक जण वडिलांच्या दूध डेअरीची माहिती घेऊन आला. "बाई, डेटात काय तरी गडबड हाय," म्हणाला. बारा तारखेपर्यंतचं दूध भलत्याच महिन्यात जाऊन बसत होतं आणि तेराव्या तारखेपासून सगळं सुरळीत. बाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. अमेरिकेत आधी महिना लिहितात, आपल्याकडे आधी दिवस. "तुम्ही धायरीचे आहात, हे मशीनला कोणी सांगितलं?" त्यानं सांगितलं, म्हणजे एका शब्दाचा बदल केला, आणि दूध ज्याच्या त्याच्या महिन्यात गेलं.

वेबसाइटसाठी मोठं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, घेऊ की छोटं, असं कुणी विचारलं की बाई उलट विचारत, पाहुणे किती? चौघांच्या पोह्यांसाठी मंगल कार्यालयातलं पातेलं काढणाऱ्यांचा त्यांना फार राग. काल चालत होतं, असं म्हणणाऱ्याचा त्याहून जास्त. "काल चालत होतं ना? मग आज काय हलवलंत?" आणि दर वेळी काहीतरी हलवलेलं असायचंच हो!

हे सगळं बाई एका लांब वहीत लिहून ठेवत. प्रत्येक प्रश्नाला नंबर, खाली उत्तर, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की बाजूला लाल पेन्सिलनं एक उभी रेघ. काल चालत होतं हा चौदा नंबरचा प्रश्न. त्याच्या रेघा पान संपून पुठ्ठ्यावर गेल्या होत्या.

आणि इथे माझ्यातली प्रोग्रामर जागी झाली. आमच्या जातीला एक खोड आहे. कुणी एकच गोष्ट दोनदा हातानं करताना दिसलं की आमचे हात शिवशिवतात. ही बाई एकच उत्तर शंभरदा देते, लोक उन्हातून येतात, जिने चढतात, कशासाठी? मी बाईंना म्हटलं, वहीची साइट करू या. सगळे प्रश्न, सगळी उत्तरं, कुणालाही घरबसल्या. बाईंनी वहीवरून एकदा हात फिरवला. मग वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लोकांची सोय होत असेल तर कर."

दोन रविवारांत साइट झाली. त्रेसष्ट प्रश्न, वर शोधायची चौकट, बाईंची उत्तरं जशीच्या तशी. सगळ्या ग्रुपवर लिंक फिरली. पोरांनी मला डोक्यावर घेतलं. बाईंनी नव्यानं घेतलेल्या टॅबवर साइट मीच लावून दिली आणि ती कशी उघडायची ते शिकवलं. शेखी मिरवायची एकही संधी मी सोडली नाही.

चपला कमी व्हायला लागल्या तेव्हासुद्धा मी खूशच होते. साइट चालतेय याचा याहून चांगला पुरावा कोणता? मग एक दिवस लिफ्टमध्ये बाई भेटल्या. किती जण येतात गं तुझ्या साइटवर, असं त्यांनी विचारलं. भरपूर, मी म्हटलं. चांगलं आहे, म्हणाल्या आणि दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. त्याच आठवड्यात आमच्या दोघींकडे काम करणाऱ्या मावशींनी मला चिवड्याचा डबा दाखवला. बाईंनी दिला होता, सादळला म्हणून. बाईंच्या घरचा चिवडा सादळण्याइतका कधी टिकलाच नव्हता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हुशार माणसांचं असंच असतं.

बाईंना नीट आकडे दाखवावेत म्हणून मी साइटची नोंद काढली. कोण केव्हा आलं, काय उघडलं. तासांप्रमाणे आलेख काढला तर दिवसभर तुरळक रेघा आणि चार ते सहामध्ये हा एवढा डोंगर. मी खुर्चीतच उडाले. लोकांनी वेळसुद्धा बाईंचीच पाळली होती! आता हे कोण कोण, म्हणून बघायला गेले.

कोण कोण नव्हतंच. सगळा डोंगर एकाच टॅबचा होता. मी स्वतः लावून दिलेल्या टॅबचा. रोज चारला उघडायचा. एक नंबरचा प्रश्न, मग दोन, मग तीन, असं ओळीनं त्रेसष्टपर्यंत. चौदाव्यावर सगळ्यात जास्त वेळ. सहाला बंद.

मला फार लाज वाटली. डोळे भरून आले आणि स्वतःचा भयंकर रागही आला. इतकी शिकलेली मी, लोक तिथे उत्तरासाठी येतात एवढंच मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप कागद घेतला, जिन्यात बसून लिहिला, आणि चारला बेल वाजवली.

"शेवटची ओळ सांगा."

मी कागद समोर धरला आणि वाचली. "बाईंकडे कुणी येत नाही, आणि मलाही करमत नाही."

आत खुर्ची सरकली. मग कडी निघाली. बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला आणि उभ्याउभ्या खालून वर वाचला. काय झालं, ते मी वाचलंच होतं. काय व्हायला हवं होतं, तर लोकांची सोय. काय केलं, तर बाईंच्या वहीची साइट केली. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

"चूक नीट मांडली आहेस," म्हणाल्या.

साइट आजच बंद करते, मी म्हटलं. त्या एकदम शाळेतल्यासारख्या माझ्यावर डाफरल्या. येरवड्याच्या त्या पोरीला दोन बस बदलाव्या लागतात, बारीकसारीक गोष्टीसाठी तिला कशाला छळायचं? उत्तरं आहेत तिथेच राहू देत. मग माझा कागद टेबलावर ठेवून लाल पेन्सिलनं त्याच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि ते प्रत्येक उत्तराखाली टाकायला सांगितलं. माझ्याकडे न बघता.

लिहिलं होतं, "उत्तर कळलं तरी यावं. चार ते सहा. चिवडा आहे."

मी तिथेच बसून त्रेसष्ट उत्तरांखाली ते टाकलं. हातानं, एकेक करून.

शनिवारी चारला मी खाली उतरले तर दुसऱ्या मजल्यावर मला पाय ठेवायला जागा नव्हती. चपला पार पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत. धायरीवाला होता, दाढीवाला मॅनेजर होता, सगळ्यांत पुढे येरवड्याची मुलगी. कुणाच्या हातात लॅपटॉप नव्हता, कागदही नव्हता. तिनं बेल वाजवली.

"शेवटची ओळ सांगा."

"चिवडा आहे, बाई."

एवढ्या लवकर ते दार उघडलेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं.